मुद्दा क्रमांक तीन

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

ही वही सातवीच्या मुलांच्या गठ्ठ्यात ठेवायची असं ठरवलंय. वर 'भूगोल' लिहिलंय. लग्न झाल्यापासून स्वानंदने कधी माझ्या शिकवणीच्या वह्या उघडल्या नाहीत. त्याच्यापासून लपवण्यासारखं काही नाही म्हणा. पण मी त्या गोष्टीचा विचार करत बसलेलं त्याला आवडत नाही. माझ्या तब्येतीसाठीच म्हणतो तो.

दुपारी दीडला बेल वाजली. दारात भाविकाची आई. भाविका आमच्या घराच्या बरोबर वर, पाचव्या मजल्यावर राहायची. एक डिसेंबरला गॅलरीतून पडून गेली. सव्वीस वर्षांची होती. आईला मी अंत्यविधीच्या दिवशी लांबून पाहिलं होतं तेवढंच. वेणू नाव. द्रोणागिरीला गोडाऊनच्या गेटासमोर ट्रेलरवाल्यांना तांदळाच्या भाकऱ्या करून विकते.

"वैनी, भाविका सांगायची तुमी अर्ज ल्हितां," ती म्हणाली. "सरकारकडून कागद मागवायचा अर्ज."

ते खरं आहे. लग्नाआधी मी कॉलेजच्या ऑफिसात होते. माहितीच्या अधिकाराची पत्रं यायची, त्यांची उत्तरं मी टाइप करायची. भाविकाला हे कधी सांगितलं होतं कोण जाणे.

"पोलिसांनी काय काय ल्हिलंय ते मना बघायचंय. मी इचारलं तं बोलतान, अपघात हाय, मावशी, घरी जा. माजी पोरगी गॅलरीतून कशी पडली ते कागदावर तरी असंल ना?"

मी तिला आत घेतलंच नाही. दारातच बोलले. कारण वर पावलं वाजत होती. हृतिक घरी होता, भाविकाचा नवरा. ती पावलं मी आता ओळखते. हॉलमधून बेडरूम, बेडरूममधून गॅलरी, आणि मग थांबतात.

शनिवारी नवीन पनवेलला भेटू म्हटलं. इथे नको. तिच्या पाठोपाठ दार लावलं आणि साखळीसुद्धा घातली. भरदुपारी.


१५ जानेवारी, बुधवार

स्वानंदला सांगितलं नाही. ही बिल्डिंग काशिरामशेठांची, म्हणजे हृतिकच्या वडिलांची. सरकारने शेती घेतली, त्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर त्यांनी हे सात मजले उभे केले. आम्ही त्यांचे भाडेकरू. रोडपालीत या भाड्यात दुसरं घर मिळणार नाही, असं स्वानंद म्हणतो.

इथे तरी खरं लिहावं. त्या दिवशी ११२ वर फोन मी केला होता. वर भांडण चाललं होतं म्हणून. पोलीस आले नाहीत. ती गेल्यानंतरच आले.

एवढंच.


१८ जानेवारी, शनिवार

नवीन पनवेलला झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करून घेतलं. हाताने लिहिलं नाही. बिल्डिंगच्या नोटीस बोर्डावर पाण्याच्या सूचना मीच लिहिते, माझं अक्षर तिथे सगळ्यांना माहीत आहे.

अर्ज वेणूमावशींच्या नावाने. एक, अकस्मात मृत्यूच्या प्रकरणातले सगळे कागद, पंचनामा, जबाब. दोन, त्या दिवशीच्या स्टेशन डायरीतल्या नोंदी. इथे मी थांबले.

"तिसरं ल्हिवा," मावशी म्हणाल्या. "तुमचा वॉचमन हाय ना, विनायक, तो बोलला. त्या दिवशी कुनीतरी पोलिसांना फोन केलेला. बिल्डिंगमधनंच. कुनी केला, किती वाजता केला, आनि पोलीस का नाय आले. ते मागवा."

 म्हटलं, "ते मिळेलच असं नाही, मावशी. दोन मुद्देच ठेवू, काम लवकर होईल."

"नाय. तीन."

टायपिंगवाल्या मुलीने तिसरा मुद्दा टाइप केला. कागद हातात आल्यावर मावशींनी त्यावर बोट फिरवलं. त्यांना वाचता येत नाही, पण आकडे ओळखता येतात. १, २, ३. बोट तीनवर ठेवून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

घरी येताना सारखं वाटत होतं की कोणीतरी मागे आहे. मागे कोणी नव्हतं.


२० जानेवारी, सोमवार

मी रस्त्याच्या पलीकडे, रसवंतीच्या बाकावर बसणार आणि मावशी पोलीस ठाण्यात जाऊन अर्ज देऊन येणार, असं ठरलं होतं. वीस मिनिटांनी त्या अर्ज घेऊन तशाच परत आल्या. "ठेवून जा बोलला. शिक्का नाय देत."

शिक्का नाही तर अर्ज दिलाच नाही असं होतं, हे मला माहीत. ठाण्यात माझा चेहरा दिसायला नको होता. तरी गेले. आवकच्या टेबलावरच्या हवालदाराला म्हटलं, "दुसऱ्या प्रतीवर पोच द्यावी लागते, साहेब."

त्याने वर पाहिलं. "तुम्ही कोण यांच्या?"

"कोणी नाही. ओळखीची."

"नाव?"

मी नाव सांगितलं नाही. म्हटलं, "अर्जदार या आहेत, त्यांचं नाव अर्जावर आहे." आवाज माझा नव्हताच, कॉलेजच्या ऑफिसातल्या त्या मुलीचा होता. त्याने शिक्का मारला. दहा रुपयांचं तिकीट नीट चिकटलंय का ते दोनदा बघितलं, आणि मलाही दोनदा बघितलं.

बाहेर आल्यावर मावशींनी पिशवीतून भाकरीचं पुडकं काढून माझ्या हातात दिलं. मी घरी येईपर्यंत ते छातीशी धरून होते, तेव्हा कळलं नाही.

तीस दिवस. एकोणीस फेब्रुवारी.


२१ जानेवारी

काही झालं नाही. लिफ्ट सोडून जिन्याने येते-जाते.


२४ जानेवारी, शुक्रवार

जिन्यातच गाठलं. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये. हृतिक वरून येत होता, हातात हेल्मेट. भिंतीला टेकून उभा राहिला. मला जायला जागा होती, पण त्याच्या अगदी जवळून जावं लागलं असतं.

"वैनी, लिफ्ट बंद हाय का?"

"नाही. चालणं होतं तेवढंच."

"आमची सासू आलेली ना तुमच्याकडं? संक्रांतीला."

"तिळगूळ द्यायला आल्या होत्या."

हे माझ्या तोंडून कसं निघालं? ज्या घरात मुलगी गेली त्या घरची बाई संक्रांतीला तिळगूळ वाटत फिरते का? तो हसला. "टेन्शन घेऊ नका तुमी," म्हणाला आणि बाजूला झाला. घरात येऊन मी मोरीत उभी राहिले, नळ सोडून. का, ते माहीत नाही. आवाजासाठी बहुतेक.

चारला मुलं शिकवणीला आली. त्यांना सह्याद्रीच्या नद्या शिकवल्या. दोनदा चुकले.


२९ जानेवारी, बुधवार

मावशींचा फोन. त्यांना ठाण्यातून पत्र आलं. त्यांनी शेजारच्या कोणाकडून तरी फोटो काढून पाठवला. पहिल्या दोन मुद्द्यांची माहिती वेळेत देऊ, मुद्दा क्रमांक तीन ११२ च्या नियंत्रण कक्षाचा असल्याने अर्ज तिकडे वर्ग केला आहे.

म्हणजे कागद आता त्या खोलीत गेला जिथे माझा आवाज साठवलेला आहे.

फोटो पुसून टाकला. स्वानंद संध्याकाळी माझा फोन बघतो. संशय म्हणून नाही, मला चार्जिंग लावायची आठवण राहत नाही म्हणून.


२ फेब्रुवारी, रविवार

वर चहाला बोलावलं होतं. काशिरामशेठांनी, दोघांना. नाही म्हणता आलं नाही. स्वानंदने इस्त्रीचा शर्ट घातला.

दोन महिन्यांत पहिल्यांदा त्या घरात पाय ठेवला. सोफा तोच. भाविकाचा फोटो कुठे नव्हता. शेठ मऊ बोलतात. म्हणाले, "आमची ईन, भाविकाची आय, पोलिसांकडं कागद मागते. मागू दे, तिचा हक्क हाय. पन तो कागद ल्हिनारा कोनतरी शिकलेला हाय. कलमं बिलमं सगली बरोबर." मग माझ्याकडे वळून, "तुमचं अक्षर छान हाय हां वैनी. बोर्डावर वाचतो मी."

"ती पाण्याची नोटीस," मी म्हटलं. 

हृतिक उठला. "वैनी, या, गॅलरीत ग्रिल बसवायचंय, डिझाइन बघा जरा." मी स्वानंदकडे पाहिलं. त्याने मान हलवली, जा म्हणून. गेले. हृतिक माझ्या मागे उभा. समोर महामार्ग, कंटेनरची रांग. कठडा माझ्या बरगडीला लागत होता. भाविका माझ्या खांद्याएवढी होती.

"कपडे वाळत घालताना तोल गेला," तो मागून म्हणाला. "इथूनच." मी दोन्ही हातांनी कठडा धरला होता. खाली बघितलं नाही.

"वरचा आवाज येतो का हो तुमच्याकडं?"

मी वळले. उत्तर हॉलमधून आलं. स्वानंद म्हणाला, "छे. काही नाही येत. आमचा टीव्ही चालू असतो."

खाली आल्यावर स्वानंदने दार लावलं आणि विचारलं, "तो अर्ज तू लिहिलास का?" मी नाही म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग जवळ घेतलं. म्हणाला, "मी आहे म्हणून निभावतंय आभा. तू एकटी असतीस तर काय केलं असतंस?"

खरंच, काय केलं असतं?


११ फेब्रुवारी, मंगळवार

काल विनायकला कामावरून काढलं. आज गेटवर दुसरा वॉचमन. कारण कोणालाच माहीत नाही. मला माहीत आहे.

हगवण लागलीये तीन दिवस. स्वानंदने रजा काढून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, कशाचं दडपण आहे का? स्वानंद म्हणाला, नाही हो, घरीच तर असते.


१७ फेब्रुवारी, सोमवार

दोन्ही पाकिटं आली. मावशींचा फोन, आवाज चढलेला. "वैनी, जाड हाय. शेजारच्या पोराला वाचू देनार नाय मी. तुमीच या. माज्या पोरीचं तुमीच वाचा."


१८ फेब्रुवारी, मंगळवार

स्वानंद ऐरोलीच्या बसने गेला की निघाले. बसने आणि पुढे रिक्षाने. द्रोणागिरीला सगळं एकसारखंच, भिंती, गेट, ट्रेलर, धूळ. मावशींची टपरी एका निळ्या गेटासमोर. त्यांनी तवा उतरवला, हात पुसले आणि पाकिटं माझ्यासमोर ठेवली. दोन ड्रायव्हर जेवायला आले तर त्यांना म्हणाल्या, "आज बंद."

आधी नियंत्रण कक्षाचं उघडलं. उघडताना कागद फाटला कोपऱ्यात. एकच पान. कॉलची वेळ १५:०७. पत्ता आमच्या बिल्डिंगचा. कॉलरचं नाव, नंबर, मजला, तिन्ही काळ्या शाईने खोडलेलं. खाली कलम, माहिती देणाऱ्याच्या जिवाला धोका होऊ शकतो म्हणून ओळख देता येत नाही.

मी वाचले, म्हणजे सुटले. अंगातून काहीतरी सैल होऊन वाहून गेलं. किती बरं वाटलं ते लिहायची लाज वाटते.

त्याच्याखाली दुसरी ओळ होती. १५:१६. "कॉलर महिलेशी संपर्क केला असता आता शांत आहे, येऊ नका असे कळविले. कॉल बंद."

"काय ल्हिलंय?" मावशी.

मी म्हटलं, "तीन वाजून सात मिनिटांनी कोणीतरी फोन केला. नाव खोडलंय. पोलीस वेळेत पोहोचू शकले नाहीत."

"बास?"

"बास."

मग दुसरं पाकीट. पंचनामा वाचला, हृतिकचा जबाब वाचला. शेवटी चौकशीचा अहवाल. त्यात एक परिच्छेद होता, तो मनात वाचला, मोठ्याने नाही. "घटनेपूर्वी ११२ वर एक कॉल प्राप्त झाला होता, तथापि कॉलर महिलेनेच नंतर सर्व शांत असल्याचे कळविले आहे. यावरून मयत व तिचे पती यांच्यात घटनेवेळी वाद चालू नव्हता या पतीच्या जबाबास पुष्टी मिळते."

पुष्टी मिळते. माझ्या वाक्याने.

मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना अक्षर वाचता येत नाही. मी पान उलटलं.


२० फेब्रुवारी, गुरुवार

स्वानंदला कळलं. परवा मी कुठे होते ते त्याच्या फोनवर दिसतं, हे मला माहीत नव्हतं. तो ओरडला नाही. तो कधी ओरडत नाही. समोर बसवून सगळं विचारलं आणि मी सगळं सांगितलं. नाव खोडलंय म्हटल्यावर त्याने डोळे मिटून श्वास सोडला. "सुटलो आपण," म्हणाला. "आता या विषयावर एक शब्द नाही. शेठांच्या कानावर घालतो की तुझा यात काही हात नाही." आणि माझी शिकवणी महिनाभर बंद ठेवू, म्हणजे आराम पडेल, असं तोच म्हणाला. मुलांच्या आयांना त्यानेच मेसेज केले.

आता तो ऑफिसला गेलाय. वर पावलं नाहीत. लिहून टाकते.

एक डिसेंबर. रविवार. जेवणं झाली होती, स्वानंद मॅच बघत होता. तीनच्या सुमाराला वर काहीतरी मोठं आदळलं. मग तिचा आवाज. भाविका कधी मोठ्याने बोलायची नाही. "मना आयेकडं जाऊ दे. मना जाऊ दे." दोनदा. मग पुन्हा काही आदळलं. मी स्वयंपाकघरात जाऊन ११२ लावला. नाव सांगितलं, मजला सांगितला, तिला मारतोय असं म्हटलं.

स्वानंद आला. टीव्ही बारीक केला होता. "शेठांच्या घरी पोलीस? वेड लागलंय का तुला?"

थोड्या वेळाने फोन वाजला. गाडीवरचे पोलीस. कळंबोली सर्कलला अडकलो आहोत, दहा मिनिटांत पोहोचतो, अजून चालू आहे का, असं विचारत होते. स्वानंदने माझं मनगट धरलं होतं. जरा जोरात धरलं होतं, पण तोही घाबरला होता. कानाशी म्हणाला, "सांग, शांत झालंय. नका येऊ म्हणून सांग."

त्या क्षणी वर खरंच शांत होतं. हे मी जवळजवळ तीन महिने स्वतःला सांगतेय. शांत होतं म्हणून मी शांत आहे म्हटलं. पण मला माहीत होतं की ती शांतता कसली. तोंड दाबल्यावर असते तसली.

"आता शांत आहे. येऊ नका." मी म्हटलं. मीच.

फोन स्वानंदने घेतला आणि कॉल पुसून टाकला. पुन्हा सुरू झालं. या वेळी ती नुसती "आये" म्हणाली, एकदाच. मग गॅलरीचं दार सरकलं. आमच्या गॅलरीसमोरून काहीतरी खाली गेलं. मला वाटलं, चादर. मग धप्प.

त्या फोननंतर पंधरा मिनिटं होती मधे. फोन परत मागावा असं मला सुचलंच नाही. सुचलं होतं. मागितला नाही.


२४ फेब्रुवारी, सोमवार

फोन घरी ठेवून गेले. नवा वॉचमन वहीत काहीतरी लिहीत होता.

टपरीवर गर्दी होती. मावशींनी बसायला सांगितलं, मी बसले नाही. गर्दी ओसरेपर्यंत उभी राहिले. मग सांगितलं. कागदावरचं जे वाचलं नव्हतं ते आणि ते कोणी म्हटलं ते. त्यांच्याकडे बघत सांगायचं ठरवलं होतं, पण शेवटचं तव्याकडे बघत सांगितलं.

 तव्यावरची भाकरी करपली. मला वाटलं, आता माझ्यावर उलथनं उचलतील. उचललं असतं तर बरं झालं असतं.

"तू आयकलंस," शेवटी म्हणाल्या. पहिल्यांदा 'तू'. "माजी पोर शेवटचं काय बोलली ते तू आयकलंस आनि तीन महिने पोटात ठेवलंस."

"हो."

"काय बोलली?"

मी तव्यावरची करपलेली भाकरी उतरवली.

"बोल. जसं बोलली तसं."

"मना आयेकडं जाऊ दे."

मावशी खाली बसल्या, तिथेच, धुळीत. पदर तोंडात कोंबला. "हां," म्हणत राहिल्या. "हां. तिचंच हाय. तुज्यासारखीला 'मना' बोलता येनार नाय." समोरून ट्रेलर जात राहिले.

उठल्या तेव्हा माझ्याकडे पाहिलं नाही. हात धुतले. "गुरवारी ठान्यात येयाचं. तोंडावर सांगायचं. नाय आलीस तं मी तुज्या दारात येऊन बसन."

"येईन."

"माफी बिफी मागू नको. माज्याकडं नाय ती आता."

परत येताना बसमध्ये मोजलं. गुरुवारपर्यंत तीन रात्री आणि दोन दिवस. वर पुन्हा पावलं.


२७ फेब्रुवारी, गुरुवार

हे मावशींच्या घरात बसून लिहितेय.

सकाळी स्वानंद बूट घालताना म्हणाला, "आज कुठे जायचं नाही ना?" मी नाही म्हटलं. तो गेल्यावर कागदपत्रांची फाइल आणि ही वही पिशवीत टाकली. का टाकली ते तेव्हा ठरवलं नव्हतं. दार उघडलं तर लिफ्टसमोर हृतिक. बटण दाबून उभा. "या वैनी." मागे फिरता आलं असतं. आत गेले. चार मजले. तो नुसता आरशात बघत राहिला, माझ्या पिशवीकडे. मी मनात मजले मोजत होते. खाली दार उघडलं तेव्हा माझ्या तोंडाला रक्ताची चव होती, ओठ चावला होता.

ठाण्यात उपनिरीक्षक मिताली म्हणून बाई होत्या, तरुण, माझ्याहून लहान. सगळा कागद वाचला त्यांनी. "तुम्ही कोण?"

"यात खोडलेलं नाव माझं आहे."

त्यांनी दार लोटून घेतलं. मावशींना बाहेर थांबायला सांगितलं, मावशी दाराला टेकून बसल्या, फटीतून त्यांचं लुगडं दिसत होतं. मी बोलत गेले. मधेच दोनदा बाथरूमला जावं लागलं. बाई थांबल्या. जबाब वाचून दाखवला तेव्हा एका ओळीवर मी अडले. त्यांनी लिहिलं होतं, "मयत ही मला आईकडे जाऊ द्या असे म्हणत होती."

"ती असं नाही म्हणाली."

"अर्थ तोच ना?"

"मना आयेकडं जाऊ दे. हे लिहा."

त्यांनी खोडून पुन्हा लिहिलं. बाहेरून मावशींचा खोकल्यासारखा आवाज आला.

"येऊ नका असं का सांगितलंत?"

"नवऱ्याने सांग म्हटलं. त्याने माझं मनगट धरलं होतं." मग घाईने म्हटलं, "पण तो वाईट नाही. घाबरला होता." बाईंनी लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. काय पाहिलं कोणास ठाऊक. मग सगळंच लिहून घेतलं.

"सध्याचा पत्ता?"

मी तोंड उघडलं आणि पत्ता आठवेना. म्हणजे आठवत होता. चौथा मजला, हृतिकच्या खालचा. संध्याकाळी सातला स्वानंद येईल आणि समोर बसवून विचारेल. तेवढ्यात दार ढकलून मावशी आत आल्या.

"माज्या घरचा ल्हिवा."

"मावशी, साक्षीदार तुमच्या घरी राहिली तर उद्या कोर्टात विचारतील, तुम्हीच पढवलं म्हणून."

"इचारू दे. ही तिकडं परत गेली तं उद्या ही पन पडंल. मंग कोन सांगंल कोर्टात?"

मावशी हृतिकबद्दल बोलत असणार. बाई मात्र माझ्या मनगटाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "दोन-चार दिवस ठीक आहे. मग महिला वसतिगृहाचं बघते मी." आणि पत्ता लिहिला.

सही करताना हात स्थिर होता, हे नोंदवून ठेवते. 


९ मार्च, रविवार

अजून इथेच आहे. वसतिगृहात पंधरा तारखेला जागा होणार आहे.

चौकशीचा अहवाल परत मागवलाय. गुरुवारी हृतिकला ताब्यात घेतलं. काशिरामशेठांचा माणूस दोनदा टपरीसमोर गाडी लावून बसला, काचा वर करून. मी आत भांड्यांच्या मागे बसून राहिले. मावशींनी जाऊन काचेवर टकटक केलं, "भाकरी देऊ का?" विचारलं. गाडी गेली. माझी भीती नाही गेली. हृतिक सुटून कधी येईल, कोर्टात काय विचारतील, मला काही कळत नाही. स्वानंद पोलिसांकडे जाऊन आला, मी मानसिक रुग्ण आहे असं लेखी दिलंय त्याने. माझ्या काळजीनेच दिलं असेल. हे वाक्य लिहिलं आणि बराच वेळ त्याकडे बघत बसले.

मावशी माझ्याशी कामापुरतं बोलतात. पीठ दे, पाणी घे. त्याहून जास्त मी मागत नाही.

आज रविवार, गेट बंद, गिऱ्हाईक नाही. दुपारी त्या सुकटीचा जवळा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुज्याकडं येऊन काय करायची ती?"

मी सांगितलं. एकदा ती चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, घेऊन आली होती, वाटीत झाकून. माझ्या माहेरी मासेसुद्धा शिजत नाहीत, मला नांगी कशी फोडायची ते कळेना. मी लाटण्याने मारली तर नांगी उडून थेट स्वानंदच्या ऑफिसच्या बॅगेत गेली. आम्ही दोघी फरशीवर बसून हसलो, आवाज वर जाऊ नये म्हणून तोंडावर हात धरून. बॅगेला चार दिवस वास येत होता आणि तो कसला ते मी सांगितलं नाही.

मावशींचे हात थांबले. खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. हसत होत्या.

"तिला तरी कुठं येत व्हती फोडायला," त्या म्हणाल्या. "लगीन झाल्यावर पन माज्यासमोर ताट सरकवायची. आये, तू दे फोडून."